काढून टाकलेले अभिप्राय

एकदा एक वृद्ध संग्रहपाल आणि त्यांचा शिष्य बंद पडलेल्या एका वृत्तपत्राची वेबसाइट उतरवून घ्यायला बसले. आठवड्याभरात ती कायमची मिटणार होती. तिच्यावर गावच्या रसायन कारखान्यातील स्फोटाच्या बातम्या होत्या. त्यांच्या वर्ड फाइली करून जपायच्या, एवढेच काम. शिष्य हुशार होता, आणि हुशारांना असते ती घाई त्यालाही होती. त्याने असा प्रोग्राम लावला की बटण दाबताच जाहिराती, मेनू, खालचे अभिप्राय सारे गाळून स्वच्छ फाइल डाउनलोड व्हावी.

"गुरुजी, नुसता मजकूर. कचरा नावाला नाही."

गुरुजींनी दोन फाइली पाहून मान डोलावली. चूक त्यांचीही झाली, हे आताच सांगून टाकतो.

वेबसाइट बंद झाल्यावर दहाव्या दिवशी पारूबाई आल्या. त्यांचा भाऊ भिकाजी स्फोटात गेला होता, पण मृतांच्या यादीत तो नव्हता.

"कंपनी म्हनती, असा मानूसच न्हवता. पर त्या बातमीखाली इस्माईलभाईनं लिवलं व्हतं, भिकाजी माझ्यासंगं टाकीवर व्हता म्हनून. इस्माईलभाई बी आता न्हाई. तेवढा कागद काढून द्या, दादा. उद्या चौकशीत दावायचाय."

शिष्याने फाइल उघडली. बातमी संपत होती तिथेच फाइल संपत होती. खालचे अभिप्राय त्याच्याच प्रोग्रामने गाळले होते. तो गुरुजींच्या कानाशी लागला, "बाईंना वाक्य पाठ आहे. फाइल आपल्याच हातात आहे. इस्माईलच्या नावाने टाइप करतो. खरेच तर आहे ते!"

गुरुजींनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. फाइलच्या शेवटी एक कोरे पान जोडून त्यांनी लिहिले: 'या बातमीखाली वाचकांचे अभिप्राय होते. उतरवताना आम्ही ते काढून टाकले.' खाली स्वतःचे नाव घातले आणि म्हणाले, "आता तुझे घाल."

"गुरुजी, यात आपली अब्रू जाईल, आणि बाईंच्या हाती काय पडेल?"

"थोडेच पडेल," गुरुजी म्हणाले. "पण दयेपोटी तू आज एक ओळ घातलीस, तर उद्या कंपनीचा वकील विचारील, बाकीच्या ओळी कुणी घातल्या? मग याच फाइलींत नोंदलेले यादीतले एकोणीस मृतही संशयात पडतील. जी फाइल आपल्याला सहज बदलता येते, तिच्यात आपला हात कुठे लागला हे लिहून ठेवणे, एवढाच तिचा खरेपणा. कचरा कोणता, हे ठरवण्याआधी आपण कुणालाही विचारले नाही. त्याची शिक्षा मात्र या बाईंना झाली."

पारूबाईंनी सगळे ऐकले होते. "म्हंजे त्याचं लिवलेलं आता कुटंच न्हाई?"

"नाही, बाई. आमच्यामुळे."

पारूबाई पुढे सरकून खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "माझं तरी घ्या लिवून." त्या सांगत गेल्या आणि शिष्य त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच नावाने टाइप करत गेला. चौकशीत ते कितपत टिकेल, हे तिघांनाही ठाऊक होते.

त्या गेल्यावर शिष्याने उरलेल्या दोनशे तेरा फाइली एकेक करून उघडल्या. प्रत्येकीच्या शेवटी त्याने तेच पान जोडले आणि खाली आपले नाव लिहिले. गुरुजींनी त्याला तसे सांगितले नव्हते.