खाली न बघणारा बोका

कार्टूनच्या एका गावात गुंडोपंत नावाचा बोका राहत होता. त्याच घराच्या भिंतीत, कमानीच्या बिळात, टिल्लू उंदीर राहायचा. रोज सकाळी पंतांनी टिल्लूच्या मागे धावायचं आणि रोज फजिती पंतांचीच व्हायची, असा त्या गावचा रिवाज. केळ्याच्या सालीवरून घसरणार पंत. आभाळातून ऐरण पडली, तर ती पंतांच्याच डोक्यात. भिंतीवर रंगवलेल्या बोगद्यातून टिल्लू आरपार जायचा आणि पंत तिथेच चिकटायचे. त्यांचा पापड व्हायचा, मग ते अंग झटकून पुन्हा गोल व्हायचे. दुखायचं काही नाही. पण अख्खं गाव खो खो हसायचं, आणि ते मात्र पंतांच्या फार मनाला लागायचं.

गावाबाहेर एक कडा होता. धावण्याच्या भरात पंत कडा ओलांडायचे, हवेत चार पावलं टाकायचे, मग खाली बघायचे आणि मग पडायचे. शंभरदा आपटल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण पडतो ते कड्यामुळे नाही, खाली बघण्यामुळे.

दुसऱ्या दिवशी पंतांनी कडा ओलांडला आणि मान ताठ ठेवली. पडले नाहीत. मग काय विचारता, पंत हवेतच येरझारा घालू लागले. घरी परतायचं नावच घेईनात. हसणारं गाव आता टाळ्या वाजवू लागलं.

टिल्लूला मात्र करमेना. आठव्या दिवशी तो कड्याच्या टोकाशी आला आणि जमिनीवर एक साल नीट पसरून म्हणाला, "पंत, या की आता घरी. खास तुमच्यासाठी ताजं केळं सोललंय."

"टिल्ल्या, खालच्या गोष्टींत मी आता लक्ष घालत नाही," पंत आभाळाकडे बघत म्हणाले.

टिल्लू हिरमुसून वळला आणि नेमका त्याच सालीवरून घसरून कड्याबाहेर गेला. बिचारा नवखा, त्याने लगेच खाली बघितलं. त्या गावात पडणाऱ्याला एक छोटी पाटी वर धरायला मिळते. टिल्लूच्या पाटीवर लिहिलं होतं, 'आई गं'.

पंतांना पाटी दिसली नाही, पण पडण्याची ती बारीक शिट्टी ऐकू आली. बोका पडला की पापड होतो, हे ठरलेलं. उंदीर तर आजवर कधी पडलाच नव्हता. त्याचं काय होईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली बघितलं, तर आठ दिवसांचा मान गेला आणि पुन्हा तेच हसं.

पंतांनी खाली बघितलं.

त्यांच्या पाटीवर लिहिलं होतं, 'आलोच'. जडच ते, भराभर खाली गेले. वाटेत त्यांनी टिल्लूला पोटाशी धरलं आणि पाठ जमिनीकडे केली. धप्पकन आवाज झाला. धुरळा बसला, तर खाली पंतांचा पापड आणि त्यावर मधोमध टिल्लू, अगदी धडधाकट. गाव पोट धरधरून हसलं.

"लागलं का हो, पंत?" टिल्लू रडत म्हणाला.

"रोजचंच आहे," पापड म्हणाला. त्यालाही हसू आलं होतं. "आता उतर आणि पळ. दहापर्यंत मोजतो."

तात्पर्य: आपण पडू या भीतीने जो खाली बघणंच सोडतो, त्याला पडणारा आपला माणूसही दिसत नाही.