मागचं दार नसलेली घरं

ऋजुतानं कुरणमाळ पहिल्यांदा पाहिला तो हॉलंडमधल्या एका ग्रंथालयात, जुन्या मासिकातल्या छायाचित्रात. उघडा माळ, त्यावर ओळीनं बारा बुटकी घरं, सपाट छपरं, लांबच लांब पुढे आलेले काँक्रीटचे छज्जे, दाराशेजारी सिमेंटच्या जाळीची भिंत आणि सगळीकडे पांढरा स्वच्छ प्रकाश. वास्तुकला शिकून परत येताना तिनं मनाशी घोकलं होतं, की आपल्याच मुलखात, आपल्या आजोबांच्या वयाच्या माणसांनी असं धीट काही बांधलं आणि ते जगाला ठाऊक नाही. ते आपण जगाला दाखवायचं.

प्रत्यक्षात माळावर पोचली तेव्हा छज्ज्यांवर निळी ताडपत्री होती. कोणी गच्चीवर पत्र्याची शेड ठोकली होती, कोणी जाळीत डिशची वायर ओवली होती, एका घराला तर पोपटी रंग दिला होता आणि वर सोनेरी अक्षरांत 'मातृछाया'. पण घरांना वळसा घालून ती मागे गेली आणि थबकली. पुढच्या बाजूला ज्यानं त्यानं मनाला येईल ते केलं होतं. मागच्या बाजूच्या भिंती मात्र बाराच्या बारा सलग होत्या. ना दार, ना खिडकी मोडून केलेलं फाटक. फक्त सातव्या घराच्या मागे, दाराएवढ्या चौकटीत, गिलावा न केलेल्या विटांचा एक वेडावाकडा तुकडा होता. भिंत तिथं पोट पुढे काढून उभी होती.

सातवं घर पुण्याच्या मकरंद पाळंदे यांनी नुकतंच विकत घेतलं होतं आणि ते मूळच्यासारखं करून देण्याचं काम ऋजुताला मिळालं होतं. तिच्या नावावरचं पहिलंच काम. मूळ नकाशे कुठंच सापडत नव्हते, म्हणून तिनं भिंतींवरून अंदाज बांधला. इथं मूळचं दार असणार, पुढे कुणा अडाण्यानं ते बुजवलं. तिनं नव्या आराखड्यात त्या जागी दार काढलं आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'मूळ दार पुन्हा उघडणे.' पाळंदे खूश झाले. त्यांनाही मागून वाट हवीच होती.

"म्हणजे कसं, हॉलमध्ये पाहुणे बसलेत आणि समोरून कोणीतरी फरशी पुसायची बादली घेऊन चाललंय, हे बरं दिसत नाही," ते म्हणाले. "लताबाई मागून येतील, मागून जातील. त्यांनाही मोकळं वाटेल."

ऋजुताच्या डोक्यात तेव्हा फक्त दाराची उंची होती. तिनं मान डोलावली. इस्माईल मिस्त्री भिंत फोडायला सोमवारी सकाळी येणार होते.

आदल्या दिवशी, रविवारी, माळावर पायरीचा दिवस होता. वैशाखातल्या या दिवशी बाराही घरं पाहायला खुली असतात. पुण्या-मुंबईचे विद्यार्थी, हौशी माणसं, कॅमेरेवाले येतात. त्यांना घेऊन फिरतात शकुताई भांबुरकर. पोस्टातून निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या, पायात स्पोर्ट्सचे बूट आणि हातात छत्री. त्या काही माळावर जन्मल्या नाहीत, पण माळ त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. छज्ज्याखाली लोकांना उभं करून त्या म्हणायच्या, "वर बघा. खांब आहे का? नाही. सत्तर वर्षं तो असाच हात पुढे करून उभाय. तुम्ही पाच मिनिटं करून दाखवा."

सातव्या घराशी आल्यावर त्यांनी सगळ्यांना, त्यांच्यात ऋजुतालाही, मागे नेलं, त्या वाकड्या तुकड्यासमोर सावलीत बसवलं, आणि आवाज जरा खाली आणला.

ही वसाहत बांधली ती शाळामास्तरांच्या आणि कालव्याच्या कचेरीतल्या लोकांच्या सहकारी संस्थेनं. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. नकाशे काढायला चिटणीस नावाचा तरुण वास्तुकार आणला. तो विलायतेत शिकला होता, आणि तिथून एकच गोष्ट घेऊन आला होता असं सांगतात: घराला लपवण्यासारखं काही नसावं. म्हणून त्यानं पुढचं दार उघडलं की थेट मागच्या भिंतीपर्यंत नजर जाईल असा हॉल केला. आणि दार केलं एकच.

संस्थेची मंडळी त्याच्याकडे गेली. मागचं दार राहिलं म्हणाली. चिटणीस म्हणाला, राहिलं नाही, काढलंच नाही. मग कामाच्या बाया कुठून येणार? तो म्हणाला, "घरात येणारी माणसं दोन जातीची असतात, हे मला कॉलेजात शिकवायचं राहून गेलं." एवढं बोलून आपले कागद गुंडाळून तो गेला, तो परत आला नाही. कोणी म्हणतं आफ्रिकेला गेला, कोणी म्हणतं उत्तरेला एक नवं शहर होत होतं तिकडे.

घरं उठली ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायांच्या डोक्यांवरून. त्यांत एक सोना होती. या सातव्या घराच्या स्लॅबचं काँक्रीट तिनं पाट्यांनी वर चढवलं. ठेकेदार गेला, तशा बाया एकेका घरी धुण्याभांड्याला लागल्या; सोना या सातव्या घरात. घर होतं संस्थेचे सेक्रेटरी जयवंतराव यांचं. बायको ताराबाई. सोना पुढच्या दारानं यायची, कारण दुसरं दारच नव्हतं. पण पुढच्या दारानं येणारी बाई पाहुण्यांना दिसते, सोवळ्यातल्या सासूबाईंना दिसते, शेजाऱ्यांना दिसते. चर्चा झाली, ठराव झाला: प्रत्येक घरानं मागे दार पाडून घ्यावं. सेक्रेटरींच्या घरापासून सुरुवात. गवंडी आला, भिंत फुटली.

दुसऱ्या दिवशी सोना नेहमीसारखी पुढे आली. जयवंतराव म्हणाले, "मागून ये."

सोना पायरीवर बसली. म्हणाली, "सायेब, मी ह्या घरात तुमच्या आदी आलेय. तवा दार कुणालाच न्हवतं, तुम्हालाबी न्हवतं. आता दार झालं, तर मला मागनं व्हय? ह्या दारानं आत जाईन तवाच ह्या माळाचं पाणी पिईन."

आणि ती उठली नाही. बातमी पसरली, तशा बाकीच्या बायाही आपापल्या घरांच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. वैशाखाचं ऊन. माळावर झाड नव्हतं. घरांतून लोक पडदे सारून बघत होते, आता उठतील, मग उठतील. आणि म्हणे, त्या दिवशी पायरीवरची सावली हललीच नाही. सूर्य डोक्यावरून पश्चिमेला गेला, पण छज्ज्याची आणि शेजारच्या उभ्या भिंतीची सावली बायांना सोडून गेली नाही. कोणी म्हणतं ती देवाची करणी. कोणी म्हणतं चिटणीसाची.

दुपार कलली तेव्हा ताराबाई उठल्या. कुणाशी बोलल्या नाहीत. फुटलेल्या भगदाडातून बाहेर पडल्या, गवंड्यानं काढून ठेवलेल्या विटा गोळा केल्या, चुना कालवला आणि भगदाड बांधायला घेतलं. वीट कशी लावतात त्यांना ठाऊक नव्हतं. पुढच्या पायरीवरून, उघड्या दारातून, सगळा हॉल ओलांडून सोनाला ते दिसत होतं. तिच्यानं राहवेना. ती तिथूनच ओरडली, "बाई, वळंब्याची दोरी सोडून बघा, भित पोटुशी व्हायलीय."

ताराबाई म्हणाल्या, "होऊ दे. बाळंत होईल तेव्हा बघू."

माळावर त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी हसलं. सोना पायरीवरून सांगत गेली, ताराबाई बांधत गेल्या. भिंत चढली तसा आधी त्यांचा पदर दिसेनासा झाला, मग तोंड, शेवटी नुसता हात दिसत होता. मग तोही नाही. आता त्या आपल्याच घराच्या बाहेर. आत जायचं तर त्यांनाही वळसा घालून पुढेच यावं लागलं. दोन्ही हात चुन्यानं सोललेले. सोना उठून उभी राहिली आणि म्हणाली, "चला. आता दोघींना एकच वाट."

दोघी उंबरा ओलांडून आत गेल्या. ताराबाईंनी माठातलं पाणी आधी सोनाला दिलं, मग आपण घेतलं. बाकीच्या घरांचे गवंडी त्या संध्याकाळीच परत पाठवले गेले.

"ताराबाईंना हे फुकट पडलं नाही," शकुताई म्हणाल्या. "सासूबाईंनी पुन्हा त्यांच्या हातचं खाल्लं नाही. जयवंतरावांनी बोलणं टाकलं. वर्षभर, असं काही म्हणतात. मरेपर्यंत, असंही म्हणतात. पण जाताना ताराबाईंनी बजावून ठेवलं, की या विटांना गिलावा करायचा नाही. दिसू द्या. म्हणून आजही कुरणमाळावर कुणाच्याही घराला मागचं दार नाही. आणि आजही या दिवशी घरात पहिलं पाऊल त्या घरी काम करणाऱ्या बाईचं पडतं. ती पाणी पिते. मग मालक, मग तुम्ही."

लोक उठले, फोटो काढायला लागले. ऋजुता बसून राहिली. तिला वाटलं, आपण आराखड्यावर लिहिलेली ती सुबक अक्षरं कपाळावर उमटली आहेत. ज्या हातांना ती अडाणी म्हणाली होती, ते ताराबाईंचे होते. आणि मूळ म्हणून जे उघडायला निघाली होती, ते माळावरचं एका दिवसाचं पाप होतं.

पुढच्या दारात पाळंदे हसतमुखानं उभे होते. त्यांच्याकडे घरकाम करणारी लता आली, चप्पल काढली, आत गेली, पाणी प्यायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळंद्यांनीही वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर ऋजुता त्यांना म्हणाली, "सर, ते दार मूळचं नाही. माझी चूक झाली."

"असू दे की. सोयीचं आहे."

"गोष्ट ऐकलीत ना तुम्ही?"

"सुंदर गोष्ट आहे. मी तर म्हणतो, दाराशेजारी पाटी लावू. पाहुण्यांना आवडेल." त्यांनी मनापासून सांगितलं, त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. "हे बघ ऋजुता, प्रत्येक जुन्या घराला एक गोष्ट असते. आपण गोष्टीत राहत नाही, घरात राहतो. पुढची तीन घरंही माझे मित्र घेतायत. ती कामंही तुझीच. उगाच ताणू नकोस."

लता कोपऱ्यात पेले विसळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ताई, दार पाडायचं असंल तर आधी सांगा हां. म्हंजे मी दुसरीकडं कामं बघायला मोकळी. मागनं यायची सवय न्हाई मला, वाट चुकंल माझी."

"लताबाई, तुमच्याच सोयीसाठी चाललंय," पाळंदे म्हणाले.

"माझी सोय मला कुटं इचारली?" ती म्हणाली आणि पेले उपडे घालत राहिली.

ऋजुता शकुताईंच्या घरी उतरली होती. संध्याकाळी गच्चीवर बसून तिनं विचारलं, "ही गोष्ट खरी आहे का हो, शकुताई? सावली हलली नाही वगैरे?"

"तू शिकून आलीस. तू सांग."

"छज्जा उत्तरेला आहे, खूप खोल आहे. पश्चिमेला उभी भिंत आहे. वैशाखात ऊन वर चढलं की त्या पायरीवर ते येऊच शकत नाही. त्यानं ते मोजून केलंय."

"मग झालं तर," शकुताई म्हणाल्या. "देवानं केलं असतं तर आपल्याला काही करायचं उरलं नसतं. माणसानं केलंय, म्हणजे माणूस ते मोडूही शकतो. तुझ्या हातात कागद आहे, बाई."

ती पाच वर्षं परदेशात शिकली, घरच्यांनी त्यासाठी काय काय सोसलं, हे तिला ठाऊक होतं. आर्किटेक्टचं पहिलंच काम हातचं गेलं, की या धंद्यात ते आठवड्याभरात सगळीकडे कळतं, हेही ठाऊक होतं. पण माणसांच्या दोन जाती करणारी रेघ आपण स्वतःच्या हातानं, सरळ पट्टी लावून ओढली होती, आणि कुणी विचारलं असतं तर तिला वारसा म्हटलं असतं, हे काही केल्या गिळता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी इस्माईल मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन सातव्या घरामागे हजर झाले. ऋजुता त्यांच्या आधी तिथं होती.

"चाचा, आज गळणाऱ्या गच्चीचं काम घ्या."

"आणि हे?"

"हे नाही होणार."

मिस्त्रींनी त्या पोट सुटलेल्या विटांकडे पाहिलं, हातोडा पिशवीत ठेवला. "बरं झालं," ते म्हणाले. "असली वाकडी भिंत इतकी वर्षं उभी राहिली, तिला हात लावायची मला भीतीच वाटत होती."

आवाज ऐकून पाळंदे चहाचा कप घेऊनच वळसा घालून आले. ऋजुतानं त्यांच्यासमोर आराखडा उघडला. दारावर तिनं जाड रेघेची काट मारली होती आणि खाली सही केली होती.

"घर माझं आहे," पाळंदे म्हणाले.

"घर तुमचं आहे. कागद माझा आहे. माझ्या सहीच्या कागदावर या घराला एकच दार राहील."

"मग मी दुसरा आर्किटेक्ट बघतो."

"बघा," ती म्हणाली. "मित्रांची तीन घरंही त्यालाच द्या. पण तो इथं आला की त्याला ही भिंत कुणी बांधली ते मी सांगणार. तो गेला की तिसरा येईल, त्यालाही सांगणार. लताबाईंना विचारल्याशिवाय इथं एक वीट हलली, तर माळावरच्या सगळ्या पायऱ्यांवर माणसं बसतील, आणि मी त्यांच्यात असेन."

पाळंदे चहा न पिताच आत गेले. ऋजुताची पुण्याची गाडी दहाला होती. तिनं तिकीट रद्द केलं आणि शकुताईंना जाऊन सांगितलं, की पुढची खोली भाड्यानं हवी आहे, किती दिवस ते माहीत नाही.