मधल्या वेळचं औषध

चिवड्याचा डबा कायम हाताशी ठेवणाऱ्या इनामदार तात्यासाहेबांचे गुडघे वजनाने कुरकुरू लागले. होमिओपॅथीच्या डॉक्टर सुमतीबाईंना ते दरडावून म्हणाले, “भूक आवरेल असं औषध द्या. पण जेवणातला घासही कमी करणार नाही. गुण नाही आला, तर दवाखान्याची माझी जागा खाली करा!”

बाईंची नजर डब्यावर गेली. “दोन्ही वेळा पोटभर जेवा. एरवी दर तासाला एक गोळी घ्या. तिच्याआधी नि नंतर अर्धा तास तोंडात काही टाकायचं नाही.”

दिवाळीपर्यंत तात्यासाहेब भराभर जिने चढू लागले. मग कुणीतरी त्यांचे कान भरले. ते तरातरा दवाखान्यात आले. “बाई, ही तर नुसती साखर!”

“साखरच. औषध दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात होतं.”

तात्यासाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि तळहात पुढे केला. “द्या, वेळ झाली.”