साहेबांच्या पदवीचा कागद

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव येसबा. सांगितलेलं सगळं तो मन लावून ऐकायचा, हीच मोठी पंचाईत होती.

गावात हळद दळून विकणारी कंपनी होती, येसबा तिथंच कामाला. तिचे मुख्य कारंजकर साहेब. साहेब विलायतेत शिकलेले, सुवर्णपदकवाले, असं साहेबच सांगायचे. त्या पदकाच्या भरवशावर अर्ध्या गावानं कंपनीत पैसे घातले होते. आता नवी गिरणी घ्यायची म्हणून साहेब पुन्हा पैसे मागत होते. येसबाची गजरामावशी तर हातातल्या पाटल्या द्यायला निघाली होती. तिच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

एकदा येसबानं कंपनीच्या जमिनीचा मूळ कागद तालुक्याला देऊन टाकला. तो हरवला.

साहेब ओरडले, "अरे, कुणाला काही देताना झेरॉक्स द्यायची! मूळ आपल्याजवळ जपून ठेवायचं!"

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. साहेब म्हणाले, "त्यांना जेवणाचा डबा दे." येसबानं डबा मशीनवर ठेवला, झेरॉक्स काढली, तपासनिसांना दिली. मूळ जपून ठेवलं. पोटात.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "बाहेरून काही आलं की गरम करून पुढं ठेवायचं, एवढंही कळत नाही?"

"बरं साहेब."

मग पोस्टातून मोठ्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. येसबानं ते तव्यावर टाकलं. साहेबांच्या हाती एक कोपरा आला.

"कुणाचं होतं हे?"

"गरम हुतं तवर वाचता आलं न्हाय, साहेब."

"गाढवा! यापुढं कागद हातात देताना तो कुठून आला, कधी आला, कुणी आणला, सगळं मोठ्यानं सांगायचं!"

"बरं साहेब."

सभेचा दिवस उजाडला. सगळं गाव मारुतीच्या पारावर जमलं. मावशी पाटल्या रुमालात बांधून पुढंच बसली होती. तेवढ्यात रिटायर झालेले मास्तर उठले. "साहेब, पैसे देण्याआधी तुमच्या पदवीचा कागद बघावा म्हणतो."

साहेब हसले. "येसबा, माझ्या खोलीतली फ्रेम आण."

येसबानं आणली. साहेबांच्या हातात दिली आणि खड्या आवाजात सांगितलं, "हा कागद एसटी स्टँडासमोरच्या छापखान्यातनं आलाय. गेल्या सोमवारी. मीच आणला. शाई वली हुती, म्हणून सायकलीवर वाळवत आणला."

साहेबांनी घाईनं फ्रेम पाठीमागं लपवली.

"अहो, ही नुसती नक्कल..."

"शाळेचं खोटं सांगणारा हळदीचं खरं कशाला सांगंल?" मावशी म्हणाली. तिनं रुमाल सोडला, पाटल्या हातात चढवल्या आणि पाठ फिरवून चालू लागली. तिच्यामागं बायका उठल्या, मग पुरुष उठले.

येसबाला वाटलं, मावशी रुसली. त्याला फार वाईट वाटलं. तो धावत गेला आणि सदऱ्यातून घडी केलेला एक कागद काढून त्यानं तिच्यापुढं धरला.

"मावशे, रुसू नगंस! ह्योबी त्याच छापखान्यातला, त्याच सोमवारचा, मीच आणलेला. एकावर एक फुकट हुतं, म्हणून दुसरा तुझ्या नावावर घेतला. आन् माझी मावशी म्हणून साहेबांपरीस दोन मार्क जास्त टाकायला लावलेत!"