विहिरीच्या आधीचं पान

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. पण तिथला एक नियम मोठा गमतीचा होता, म्हणून सांगतो.

त्या राज्यात काहीही नवं बांधायचं असलं, तर त्याचं चित्र दाखवायला बंदी होती. कारण राजाच्या पणजोबांना एका कारागिराने रंगीत चित्र दाखवून भुलवलं होतं. चित्रात मनोरे होते, कारंजी होती, गच्चीवर मोरसुद्धा होते. महाल बांधून झाला आणि मग लक्षात आलं, की गच्चीवर जायला जिनाच नाही. बिचारे पणजोबा जन्मभर अंगणात उभे राहून मोर बघत बसले.

तेव्हापासून ठरलं, की जो बांधणार त्याने एक पान लिहायचं. ज्यांच्यासाठी बांधायचं, त्यांच्या चावडीवर ते मोठ्याने वाचायचं. ऐकणाऱ्यांनी हातात खडे घेऊन बसायचं आणि जे कळलं नाही, तिथे समोर ठेवलेल्या वेताच्या पाटीत एक खडा टाकायचा. ज्याच्या पाटीत कमी खडे, त्याचं काम पक्कं. ज्याची पाटी भरली, त्याने घरी जायचं.

याच राज्यात एक स्थपती होता. स्थपती म्हणजे इमारतींची रचना करणारा. त्याच्याइतकी चांगली रचना कुणालाच जमत नसे. उन्हाळ्यात वारा कुठून येईल, पावसाचं पाणी कुठे जाईल, सगळं त्याला आधीच दिसायचं. पण लिहायला बसला, की त्याला काय व्हायचं कोण जाणे! एरवी सरळ बोलणारा हा माणूस लेखणी हातात घेतली की अंगात आल्यासारखा करायचा. मोठमोठ्या गुरूंकडे शिकला होता ना. तिथे साधं लिहिणाऱ्याला सगळे हसायचे. त्यामुळे एकामागून एक तीन कामं त्याच्या हातची गेली होती.

अशात राजाने एका डोंगरावरच्या गावाची विहीर नव्याने बांधायची ठरवली. गावात विहीर होती, पण खोल घळीत. तिच्या पायऱ्या उभ्या आणि शेवाळलेल्या. दर वर्षी कुणी ना कुणी घसरायचं. आदल्या वर्षी ठकूमावशी भरल्या घागरीसकट पडल्या. त्यांचं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. तरी रोज दोन खेपा चुकत नव्हत्या, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं.

स्थपती त्या गावात पंधरा दिवस राहिला. रोज सकाळी विहिरीच्या काठावर बसून तो ठकूमावशींना बघायचा. वर येताना त्या तीनदा थांबायच्या. बसायला जागा नव्हती, म्हणून डोक्यावर घागर तशीच ठेवून भिंतीला टेकायच्या. ते बघून स्थपतीने मनाशी ठरवलं, की या बाईला मधे बसता येईल अशीच विहीर आपण बांधायची. चार महिने खपून त्याने रचना केली. शंखासारख्या वळत जाणाऱ्या पायऱ्या, आणि मधे एक दगडी ओटा.

वाचनाचा दिवस आला. सगळं गाव चावडीवर जमलं. राजवाड्यातल्या वाचकाने घसा साफ केला आणि स्थपतीचं पान वाचलं:

"सोपानांच्या सर्पिल लयीतून अधोगामी अवकाश उलगडत जातो. मध्यावर विसाव्याची रिक्तता गतीशी संवाद साधते आणि जलाच्या सान्निध्यात वास्तू स्वतःला विसर्जित करते."

वाचन संपलं. मग समोरच्या दोघा-तिघांनी भक्तिभावाने हात जोडले. मागून एकाने विचारलं, "परसाद कवा वाटनार?"

आणि मग खडे पडायला लागले. पाटी भरली, तरी लोक थांबेनात. एकाचे खडे संपले, तर तो ओढ्यावर जाऊन आणखी घेऊन आला.

दुसरं पान एका गोडबोल्या कंत्राटदाराचं होतं. "विहिरीवर पांढरा घुमट बांधीन. दारात दोन दगडी हत्ती ठेवीन. पायऱ्या आहेत त्याच राहतील." बस्स. पाटीत एकच खडा पडला, तोही एका आजोबांच्या हातून निसटलेला.

हत्तींची विहीर ठरली. पोरं नाचायला लागली. शेवाळलेल्या पायऱ्या तशाच राहणार, हे एवढ्या गडबडीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थपती तडक ठकूमावशींच्या अंगणात गेला. त्याला राग आला होता आणि वाईटही वाटलं होतं.

"मावशी, खरं सांगा. तुम्ही खडा टाकलात?"

"टाकला की. चार टाकले," मावशी म्हणाल्या. "पाचवा सापडला न्हाई."

"अहो, ती विहीर मी तुमच्यासाठीच केली होती! तुम्हाला मधे बसता यावं म्हणून!"

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. "मंग तसं का न्हाई लिवलं?"

"लिहिलंय ना. विसाव्याची रिक्तता…"

"दादा, ती रिक्तता काय असंल ती असू दे. माजा ओटा कुठं हाय त्यात?"

मावशींना स्थपतीची दया आली. त्या म्हणाल्या, "फक्की पडायला अजून आठ दिस हायेत." पाया खणण्याआधी जमिनीवर चुन्याच्या भुकटीच्या रेघा मारतात, त्याला फक्की मारणं म्हणतात. ती पडेपर्यंत हरलेल्याला एकदाच नवं पान आणता यायचं. "दुसरं लिवा. पन आदी हे घ्या."

असं म्हणून त्यांनी भरलेली घागर उचलली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. अंगणाला दहा फेऱ्या मारायला सांगितल्या. तिसऱ्या फेरीला पाणी अंगरख्यात शिरलं. सहाव्या फेरीला मान दुखायला लागली.

"काय पायजे तुमास्नी आता?" मावशींनी विचारलं.

"बसायला!" स्थपती ओरडला.

"बगा! कसं झटक्यात सांगितलंत. डोक्यावर वजं असलं की मानूस थोडक्यात बोलतो. आता असंच लिवा."

दुपारभर तो मावशींच्या पडवीत लिहीत बसला. पहिल्या दोन पानांत अवकाश आणि लय परत डोकावलीच. मावशींनी ती पानं सरळ चुलीत घातली. तिसरं पान त्याने असं सुरू केलं: "सकाळी तुम्ही रिकामी घागर घेऊन याल. वळणाच्या पायऱ्यांनी खाली उतराल. पाणी भराल. मग भरलेली घागर घेऊन त्याच पायऱ्यांनी वर याल. अर्ध्यावर बसायला दगडी ओटा आहे."

"आत्ता कळलं!" मावशी खूश झाल्या. मग त्यांच्या भुवया आक्रसल्या. "पन म्या वर यायला लागले, आन वरनं शेजारची कोंडाबाई उतरत आसंल तर?"

"त्या थांबतील."

"कुठं थांबंल?"

स्थपतीने पडवीच्या जमिनीवर कोळशाने स्वतःपुरत्या आपल्या पायऱ्या काढून बघितल्या. पायऱ्या एकीलाच पुरतील एवढ्या अरुंद होत्या. त्यातून वळणाच्या, म्हणजे समोरून कोण येतंय ते दिसणारही नाही. दोन बायका, दोन घागरी आणि थांबायला जागा नाही. मावशींचं दुसरं मनगटही गेलं असतं.

त्याचे कान लाल झाले. शंखासारखं ते वळण त्याला फार आवडायचं. चार महिने तो त्यावर जीव टाकून बसला होता. आणि इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. पडणार कसा? "सर्पिल लय" असं लिहिलं, की त्या लयीत कोंडाबाई कुठून येणार?

वळण सोडवत नव्हतं. मग एक सुस्कारा टाकून त्याने ते पुसलं, आणि उतरायला एक व चढायला एक असे दोन सरळ, रुंद जिने काढले. चढायच्या जिन्यावर एकाऐवजी दोन ओटे बसवले. प्रत्येक ओट्यालगत कमरेच्या उंचीवर कोनाडा दिला, म्हणजे घागर उतरवायला वाकावं लागू नये.

आठव्या दिवशी चावडीवर नवं पान वाचलं गेलं. या खेपेला खडे हातातच राहिले, कारण लोकांना बोलण्यातून फुरसत नव्हती. एकीने विचारलं, "ओट्याव ऊन तर न्हाई ना लागनार?" दुसरीने विचारलं, "गुरांचं पानी येगळं काढता यील का?" प्रत्येक प्रश्न ऐकून स्थपती तिथल्या तिथे पानात भर घालत होता. विहीर आधीच बांधून झाल्यासारखं सगळं गाव तिच्यात चढत-उतरत होतं.

शेवटी कोंडाबाई कंत्राटदाराकडे वळल्या. "आन काय हो, तुमचे हत्ती पानी वर आनून द्येनार का?"

सगळी चावडी हसली. कंत्राटदारही हसला, कारण तो तसा वाईट माणूस नव्हता. त्याने आपलं पान घडी करून खिशात ठेवलं.

वर्षभरात विहीर उभी राहिली. पाथरवटांना काही अडलं, की ते पान काढून वाचायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. विहीर झाल्यावर पहिल्या वर्षी कुणी घसरलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

विहीर बघायला खुद्द राजा आला. इतका खूश झाला, की म्हणाला, "स्थपती, दारावर एक मोठी शिळा बसवा आणि तिच्यावर या विहिरीचं वर्णन कोरा. अगदी भारदस्त होऊ द्या!"

झालं! स्थपतीची लेखणी पुन्हा शिवशिवायला लागली. दोन दिवस त्याने विचार केला. शिळा तयार, पाथरवट छिन्नी घेऊन तयार, पण याला शब्द ठरवता येईनात. शेवटी तो विहिरीत उतरला. ठकूमावशी वरच्या ओट्यावर बसल्या होत्या. घागर कोनाड्यात होती. श्वास सावकाश चालला होता.

"मावशी, तुम्हीच सांगा. शिळेवर काय लिहू?"

मावशींनी वाकड्या मनगटाने ओट्यावर दोनदा थोपटलं.

"कशापायी लिवायचं? बसलेय न्हवं मी!"

स्थपती हसला आणि त्यांच्या शेजारी टेकला. खालून कोंडाबाई चढून येत होत्या. त्यांना वाट द्यायला कुणालाच उठावं लागलं नाही. राजाची ती शिळा शेवटी कोरीच राहिली, आणि गावातली पोरं तिच्यावर चिंचोके फोडायला लागली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, गोष्ट संपली, तात्पर्य तेवढं राहिलं: ज्याच्यासाठी बांधायचं त्याला कळेल असं लिहावं, कारण तसं लिहिलं तरच आपण काय बांधतोय ते आपल्यालाही कळतं.