पैलवानाचा खुराक

"सोळाशे बैठका मारतोय मी, आक्का! सोळाशे! ह्या वयात कुणी मारून दाखवाव्यात!"

"मार की. मी कवा नको म्हणलं?"

"मग वजन का उतरंना?"

"ते तुझ्या बैठकांना इचार."

बाळगोंडाचं डोकं तापलं. एक्कावन्न वर्षांचा पैलवान तो. एकेकाळी सगळ्या तालुक्यात त्याची पाठ मातीला लावणारा निघाला नव्हता. आणि ही वाळकी म्हातारी तालमीच्या उंबऱ्यावर बसून, कुस्तीच्या हौदातल्या मातीत घालायची लिंबं चिरत चिरत, त्याला माशीसारखं उडवून लावत होती.

खरं तर तो भांडायला आला नव्हता, मागायला आला होता. वस्ताद हयात होते तेव्हा कुस्तीच्या आधी पोरांची वजनं झरझर उतरवायचे. तो कुठला व्यायाम, हे येसूआक्काला नक्की ठाऊक असणार. वस्तादांची बायको ती. डाव वस्ताद शिकवायचे. पण कुणाच्या पोटात काय आणि किती जायचं, ते चाळीस वर्षं आक्कानं ठरवलं.

अडचणच तशी होती. धाकटी बहीण, राजमती. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाणीसुद्धा वाटीनं मोजून. सगळ्या घरात जुळली ती एकट्या बाळगोंडाची किडनी. पण डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनाच्या माणसाची आम्ही काढणार नाही. चौदा किलो उतरवा. तीन महिने देतो, त्यापुढं बहिणीचं शरीर तग धरणार नाही.

दोन महिने संपले होते. काटा उलटा पाऊण किलोनं वर चढला होता.

"दोनशे वाढवू का अजून?"

"वाढव."

"पाचशे वाढवतो!"

"हजार वाढव. अन् बैठका झाल्यावर काय घेतोस?"

"काय म्हंजे? खुराक."

"सांग की तोंडानं. लाजतोस काय नव्या नवरीगत?"

"दीड लिटर दूध. बदाम वाटून. लोण्याचा एवढा गोळा." त्यानं मूठ दाखवली, मग जरा आवळून लहान केली. "पहिल्यापेक्षा लई कमी हाय."

"दोन महिन्यांपूर्वी दूध किती हुतं?"

बाळगोंडानं मूठ मागं लपवली.

लिटरभर होतं. बैठका वाढल्या तसं दूधही वाढलं. तालमीचा कायदाच तो, घाम गाळला की खुराक घ्यायचा. घाम गाळून वर उपाशी राहणारा पैलवान त्यानं जन्मात पाहिला नव्हता. असला तर तो पैलवान कसला?

अंगात जोर असलेल्या पुरुषांचं असंच असतं. जोर लावूनही होत नाही असं काही या जगात आहे, हे त्यांना कुणीतरी बाईनं सांगावं लागतं. आणि सांगितलं तरी ते आधी भांडून घेतात.

"तुम्हाला सांगायचं नसंल तर तसं बोला," तो म्हणाला. "वस्ताद असते तर असं उंबऱ्यावरनं परतवलं नसतं मला."

आक्काची विळी थांबली...

ती उठली. पदर खोचला. आणि उंबरा ओलांडून आत आली.

बाळगोंडा मागं सरला. बाईनं हौदाच्या मातीवर पाय ठेवायचा नाही, हा तालमीचा रिवाज. स्वतः वस्ताद गेले त्या दिवशीसुद्धा आक्का उंबऱ्याच्या बाहेर बसून रडली होती.

"आक्का... माती..."

"गप."

तिनं हौदात पाऊल टाकलं. कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि माती खणायला लागली.

दुपार कलली होती. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एकच पट्टा खाली उतरत होता आणि त्यात तांबडी धूळ वर येऊन तरंगत राहिली होती. खाली बसेचना. हळद, ताक, तेल, जुना घाम यांचा वास उठला. फावड्याचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागला. बाळगोंडाला एकाएकी आपण सोळा वर्षांचे आहोत असं वाटलं. भिंतीला टेकलेले मुद्गल जणू पेंगत होते. धुळीच्या पलीकडं कुणीतरी खाकरलं, वस्ताद खाकरायचे तसंच... त्यानं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. आक्काचं हलकं पातळ अंग त्या तांबड्या उजेडात वाकत होतं, सरळ होत होतं. पाय मातीला लागतात की नाही, कळत नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

फावडं थांबलं.

"ही माती कवाची रं?"

"वस्तादांच्या वडलांनी आणलेली."

"रोज खणता?"

"रोज पहाटे. मी सवता खणतो."

"सत्तर वर्षं खणून किती कमी झाली?"

बाळगोंडाला हसू आलं. "खणून कमी कशी व्हईल? खणलं की मऊ पडती."

"हौदाची कड पहिल्यांदा उभ्या माणसाच्या मांडीपातूर हुती म्हणं. आता घोट्याला लागतीया. मग हे वर आलं कशानं?"

"ते..." तो बोलता बोलता थांबला. "दरसाल भर घालतो. नवी माती, ताक, तेल..."

आक्कानं फावडं कोपऱ्यात ठेवलं.

धूळ अजून तरंगतच होती.

"म्हंजे मी बैठका सोडू?" त्यानं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"सोडून बघ खणायचं. महिन्यात दगड व्हईल. पडलास तर हाड मोडंल."

तो हौदाच्या कडेवर बसला. मोठं अंग एकदम सैल पडलं. त्यानं मातीत बोटं खुपसली.

"आक्का, कुणाला सांगू नका. गेल्या महिन्यात तीन दिवस बंद केला हुता खुराक. बायकोला बी सांगितलं न्हाई. चौथ्या दिवशी गोठ्यात जाऊन रडलो."

"का?"

"सांगता येत न्हाई."

आक्का त्याच्यासमोर मातीतच खाली बसली. लुगड्याला तांबडा रंग लागत होता, तिला त्याचं काही नव्हतं.

"तुमच्यात म्हशी किती हुत्या रं, तू कुस्ती धरलीस तवा?"

"एक."

"दूध कोण प्यायचं?"

"मी."

"अन् राजमती?"

"ती काळा च्या प्यायची. तिला दूध आवडत न्हाई."

"कोण म्हणलं?"

"आई म्हणायची..."

तो मध्येच थांबला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं कधी स्वतःच्या कानानं ऐकलं नव्हतं.

"तुझी दुधाची किटली घिऊन तीच यायची हितं," आक्का म्हणाली. "आठ वर्षांची असंल. बाहेर उंबऱ्यापाशी थांबायची माझ्यासंगट. तू पिऊन झालास की रिकामी किटली घ्यायची. अन् जाताना, त्या पिंपळाच्या आडोशाला, टोपणाला लागलेली साय बोटानं पुसून चाटायची. मी बघितलंय. रोज."

उन्हाचा पट्टा सरकत सरकत बाळगोंडाच्या दंडावर आला होता. त्यानं त्या दंडाकडं पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं.

"मला ठाऊक न्हवतं."

"ठाऊक करून घेतलं न्हाईस."

"आक्का, मग खुराक सोडतो. आजच सोडतो. पर..." त्याची मान खाली गेली. "वाटतं तेवढं सोपं न्हाई ते. मार खाईन, हाड मोडून घेईन. पर भूक लागली, अन् समोर असून खायचं न्हाई म्हणलं, की आपण कुणीच न्हाई असं वाटतं. घरात असून नसल्यासारखं. मला न्हाई सोसत ते!"

आक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला माती होती.

"मग आज पहिल्यांदा बहिणीच्या पंगतीला बसलास, बाळू."