भोपळ्यातला जोर

बुरुजावरून भोपळा पडला आणि राजा भुजंगरावांच्या सिंहासनाचा हात मोडला!

सिंहासन पॉलिश करायला अंगणात काढलं होतं. महाराजांची वाढदिवसाची तुला दरवर्षी लाल भोपळ्यांची व्हायची, आणि नंतर ते भोपळे उन्हात बुरुजावर मांडायचा हुकूम असे. ते डोक्यावरून वर नेणारा हमाल गेनबा. मग काय, त्यालाच धरलं!

"जमिनीवर हा भोपळा मुंगीला धक्का लावत नव्हता," महाराज गरजले. "वर जाऊन त्यात जोर आला. तो भरला कोणी?"

राजपंडितांनी दुसरा भोपळा खाली तोलला, वर नेऊन तोलला. दोन्हीकडे पाच शेर! चिरला, तर आत नुसत्या बिया. शेवटी त्यांनी हिशेबाला पाटी-लेखणी घेतली. "पाच शेर वजन, तीस हात उंची. गुणाकार दीडशे!"

"दीडशे काय?"

"दीडशे... दीडशेच, महाराज!"

महाराज आणखी भडकले. "भोपळा न चिरता, न आपटता त्यातला जोर काढून मला दाखवा! उद्या दुपारपर्यंत. नाहीतर गेनबा राज्याबाहेर!"

गेनबा रडकुंडीला आला. त्याची लेक साळू मात्र पुढे झाली. "उद्या कशाला? आत्ता दाखवते. महाराजांनी फक्त तुलेच्या पारड्यात बसायचं."

पारडं म्हटलं की महाराजांची कळी खुले. ते लगेच मांडी घालून बसले. साळूने बुरुजावर जाऊन तिथल्या मोठ्या कप्पीवरून दोर टाकला. एक टोक महाराजांच्या पारड्याला, दुसरं वर ठेवलेल्या वेताच्या रिकाम्या पाटीला.

"यंदा महाराज किती भरले?" तिने वरून विचारलं.

"सतरा भोपळे!" पंडित म्हणाले.

साळूने पाटीत अठरा भोपळे भरले आणि पाटी हळूच काठाबाहेर सोडली. भोपळे डुलत खाली निघाले, महाराज डुलत वर! भोपळे जमिनीला टेकले तेव्हा महाराज बुरुजाशी लोंबकळत होते.

साळू धावत खाली आली. "हेच ते दीडशे, महाराज! एकेका भोपळ्याचे. भोपळे उतरले, त्यांचा जोर तुमच्यात चढला."

"कळलं!" महाराज दोर घट्ट धरून ओरडले. "पण भोपळ्यात तो भरला कोणी?"

"माझ्या बाबांनी. सत्तर पायऱ्या चढून, घाम गाळून."

"म्हणजे गुन्हेगार तोच!"

"आणि वर चढवायचा हुकूम कुणाचा होता?"

महाराज आभाळाकडे पाहू लागले. साळूने पाटीतल्या भोपळ्यावर हात ठेवला. "यातले चार काढले की जोर धाडकन खाली कसा येतो, तेही दिसेल. काढू?"

"नको! हुकूम माझा होता! गेनबा सुटला! यापुढे ओझी कप्पीने चढवा, आणि कप्पीची मुखत्यार साळू!" महाराजांना आता हसू आवरेना. पारडं गदागदा हलू लागलं. "शाबास पोरी! हे अठराही भोपळे तुला बक्षीस! आत्ताच्या आत्ता घरी घेऊन जा!"

"आत्ताच नेऊ, महाराज?"

महाराजांनी खाली पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं.

"आधी मला उतरव गं बाई!" ते किंचाळले, आणि हसता हसता त्यांचा फेटा तेवढा तीस हात खाली आला.